पाखरं पाहायची की मोजायची?

आधीच सांगून टाकते, मी बर्डर-बिर्डर नाही. पक्ष्यांशी माझा रोजचा संबंध म्हणजे लोअर परळच्या ऑफिसात एसीच्या डक्टवर घुमणारी कबुतरं, आणि दुपारी डबा उघडला की खिडकीच्या काचेवर चोच आपटणारा एक कावळा. त्याला आम्ही ‘एचआर’ म्हणतो. का ते विचारू नका.

त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपवर ‘रिलॅक्स्ड गाइडेड बर्डिंग, दोन दिवस, डोंगर आणि माळरान’ असा मेसेज आला, तेव्हा मी फक्त ‘रिलॅक्स्ड’ हा शब्द वाचला आणि अंगठा दाखवला. ठिकाण नंतर वाचलं. वर्धा जिल्हा!

आता गंमत बघा. आर्वी हे माझं आजोळ. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. वर्धा म्हणजे सेवाग्राम, पवनार, गोरसपाक आणि मे महिन्यातला जीवघेणा उन्हाळा, एवढं मला पाठ होतं. पक्षी? तिथे? आमच्या टीममध्ये एक लेन्सवाला आहे. पगार झाला की तो आधी लेन्सचा ईएमआय भरतो, मग घरभाडं. त्याने तर ग्रुपवर लगेच लिहिलं, ‘वाळवंट नाही, बर्फ नाही, मग बर्डिंग कसलं?’ पठ्ठ्या माळढोकासाठी जैसलमेरला आणि काळ्या मानेच्या क्रौंचासाठी लडाखला जाऊन आलेला. पण सुट्टी शिल्लक होती आणि मार्चअखेरचं काम डोक्यावर यायला अजून आठवडा होता. शेवटी आम्ही सात जण शुक्रवारी संध्याकाळी सीएसएमटीला विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलो.

सकाळी वर्ध्याला उतरलो. स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, आणि तरी ‘अजून थोडी तर्री टाका’. मग गाडीत बसून हिंगणीच्या रस्त्याला लागलो.

‘काय दिसलं?’

आमचा गाइड चाळिशीचा. खाकी शर्ट, कॅनव्हासचे बूट, गळ्यात जुनी दुर्बीण आणि तिचा तुटलेला पट्टा सुतळीने बांधलेला. सगळे त्याला ‘भाऊ’ म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो. मी उत्साहाने माझी वही बाहेर काढली. ऑफिसची सवय, दुसरं काय! अनुक्रमांक, पक्ष्याचं नाव, वेळ, शेरा असे रकाने ट्रेनमध्येच आखून ठेवले होते. पन्नासचं टार्गेट होतं.

भाऊने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, पाखरं पाहाले आले का मोजाले आले?’

सगळे हसले. मीही हसले. पण वही काही ठेवली नाही.

बोर अभयारण्य १९७० चं, आणि २०१४ पासून ते व्याघ्र प्रकल्प झालंय. त्याचा गाभा १३८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कपेक्षा जरासाच मोठा. देशातल्या सगळ्यात छोट्या व्याघ्र प्रकल्पांमध्ये त्याचं नाव घेतात. पण जागा मोक्याची. एका बाजूला मेळघाट, दुसऱ्या बाजूला पेंच, खाली ताडोबा. वाघांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं हे जंक्शनच, आपल्या दादरसारखं. काही वर्षांपूर्वी इथली ‘कतरिना’ नावाची वाघीण इतकी फेमस होती की लोक तिकीट काढतानाच विचारायचे, ‘कतरिना दिसेल ना?’

मार्चमध्ये सागाची पानं गळालेली असतात. जंगल पार उघडं पडतं, आणि त्या करड्या उघड्या जंगलात पळस पेटलेला असतो. पळस मी शंभरदा पाहिला होता, एसटीच्या खिडकीतून. पण भाऊने जिप्सी एका पळसाखाली थांबवली, इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणाला, ‘आता पाच मिनिटं कोनी बोलू नोका.’

पाच मिनिटं! मीटिंगमध्ये आम्ही पाच सेकंद गप्प बसत नाही. पहिलं मिनिट काहीच दिसलं नाही. मग एका फुलात काहीतरी हललं. जांभळा शिंजीर, अंगठ्याएवढा, चोच फुलात खुपसून मध पीत होता. मग दुसरा आला. मग मैनांचं टोळकं, मग कोतवाल, मग लालबुड्या बुलबुल. एकाच झाडावर नुसती झुंबड! पळसाला पानं नसतात तेव्हा फुलं येतात आणि मध प्यायला आलेली पाखरं परागकण इकडून तिकडे नेतात, एवढं शाळेत वाचलं होतं. पण तो सगळा कारभार डोक्यावर चालू असताना पाहणं वेगळंच.

तेवढ्यात समोरून दुसरी जिप्सी आली. त्यांच्यातल्या एकाने ओरडून विचारलं, ‘काय दिसलं?’

‘लय काही,’ भाऊ म्हणाला.

‘वाघ?’

‘वाघ नाई.’

झूम! गाडी धूळ उडवत निघून गेली. भाऊने खांदे उडवले. ‘हे असं हाय. वाघ नाई दिसला तं लोक म्हन्तेत जंगल रिकामं होतं.’

त्या ‘रिकाम्या’ जंगलात आम्ही त्या संध्याकाळी सर्पगरुड पाहिला, राखी धनेशाची जोडी पाहिली, आणि उंबराच्या झाडावर हरियलांचा थवा. हरियल म्हणजे आपला राज्यपक्षी. अंगाचा रंग असा पानांत मिसळतो की एक दिसेपर्यंत तिथे काहीच नाही असं वाटतं, आणि एक दिसला की अख्खं झाड हरियलांचं होऊन जातं. माझ्या वहीत एकवीस नावं झाली.

रात्री मुक्कामाच्या जागी लेन्सवाल्याने मोबाइल काढला. स्पीकरवर पिंगळ्याचा आवाज लावला. अर्ध्या मिनिटात समोरच्या चिंचेवरून पिंगळा चिर्र चिर्र करत पुढे आला. फ्लॅश उडणार तेवढ्यात भाऊने हात पुढे केला. ‘बंद करा साहेब. त्याले वाटते आपल्या घरात दुसरा घुसला. तो भांडाले येते. रोज चार पार्ट्या येनार, रोज चार खेपा हे गाणं वाजवनार. मंग त्यानं खावाचं कवा?’

कुणी काही बोललं नाही. लेन्सवाल्याने मोबाइल खिशात टाकला. पिंगळा बराच वेळ तिथेच बसून मान गोल गोल फिरवत, न आलेला शेजारी शोधत राहिला.

‘पडीक’ जमिनीतलं वाळवंट

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला दारावर थाप. रिलॅक्स्ड म्हणे! पण साडेपाचला आम्ही एका माळावर पोहोचलो आणि माझी झोप उडाली. मैलभर नुसतं वाळकं गवत, मुरूम आणि मधूनमधून बाभळी. सातबारावर अशा जागेला ‘पडीक’ म्हणतात. पडीक, म्हणजे कामाची नाही. म्हणजे इथे काहीही करा, खदान करा, प्लॉट पाडा, कचरा टाका. महाराष्ट्रातले माळ असेच एकेक करून गेलेत.

भाऊने आम्हाला एका बाभळीखाली बसवलं. ‘बसा.’

‘किती वेळ?’ मी विचारलं.

‘घाई कायची हाय ताई? पाखराले कुठं ऑफिस हाय?’

आणि मग ते एकेक करून आले. आधी धाविक, उंच पायांचा, विटकरी रंगाचा. दहा पावलं धावणार, थांबणार, वाकून काहीतरी टिपणार, पुन्हा धावणार, सकाळी अंधेरी स्टेशनवर धावणाऱ्या माणसासारखा. मग ‘कुट्रो कुट्रो’ करत पखुर्ड्यांचा थवा डोक्यावरून पाण्याकडे गेला. या पखुर्डीची गोष्ट ऐकून मी उडालेच. ही मुळात कोरड्या, वाळवंटी मुलखाची प्रजा. पिल्लांना पाण्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून बाप पाण्यात बसतो, पोटाची पिसं स्पंजसारखी भिजवून घेतो आणि कित्येक किलोमीटर उडत घरी येतो. पिल्लं बापाच्या पोटाला चोच लावून पाणी पितात. आपल्याकडे बॅचलर फ्लॅटमध्ये कुणी बिसलेरीची बाटली भरून ठेवत नाही!

मग गवताच्या टोकांवरून पंख जराही न हलवता, तरंगत तरंगत भोवत्या आला. भोवत्या म्हणजे शिकारी पक्षी, हिवाळ्याला मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून आपल्याकडे येणारा. कझाकस्तानपासून इथपर्यंत हजारो किलोमीटर येऊन तो खातो काय? मुख्यतः नाकतोडे. रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवरच झोपतो. म्हणजे माळ गेला की त्याची खानावळही गेली आणि लॉजही गेला.

लेन्सवाला भोवत्याच्या मागे निघाला. डोळा व्ह्यूफाइंडरला, पाय आपोआप पुढे. तेवढ्यात भाऊ इतक्या जोरात ओरडला की आम्ही सगळे दचकलो. ‘पाय! साहेब, पाय थांबवा!’

लेन्सवाला एका पायावर उभा. त्याच्या हवेतल्या बुटाखाली, मुरुमात, काहीच नव्हतं. मी चार पावलांवरून पाहत होते, शपथेवर सांगते, काहीच नव्हतं. भाऊने काडीने दाखवलं तेव्हा दिसली. चार अंडी. मुरुमाच्याच रंगाची, मुरुमासारखेच डाग असलेली. ना काटक्या, ना कापूस, उघड्या जमिनीवर नुसती मांडून ठेवलेली. माळटिटवीची. आई बाजूलाच जिवाच्या आकांताने ओरडत होती, आणि इतका वेळ आम्हाला ते ‘छान बॅकग्राउंड म्युझिक’ वाटत होतं.

आम्ही पावलावर पाऊल टाकून मागे फिरलो. लेन्सवाल्याने तो फोटो काढला नाही. ट्रिप संपेपर्यंत तो चालताना जमिनीकडे बघत होता.

लडाखचे पाहुणे

माळावरून उठून एका छोट्या तलावाकडे गेलो. सिंचनाचा साधा तलाव, काठावर म्हशी, धुणं धुणाऱ्या बाया. आणि पलीकडच्या काठावर सोळा-सतरा राखाडी हंस, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. पट्टकदंब!

‘हे लडाखचे,’ भाऊ म्हणाला. लेन्सवाला दुर्बीण लावून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘च्यायला, यांच्यासाठी मी एवढं विमानाचं तिकीट काढलं होतं.’

पट्टकदंब उन्हाळ्यात तिबेट, लडाख, मंगोलियातल्या उंच तळ्यांवर पिल्लं काढतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. संशोधकांनी त्यांच्या अंगावर यंत्रं बसवून पाहिलं, तर काही हंस सात हजार मीटरच्याही वर गेलेले. तिथे हवेत प्राणवायू निम्म्याहून कमी. आणि एकदा उंचावर पोहोचलं की ते उंचीवर टिकून राहत नाहीत. डोंगर चढला की चढतात, दरी आली की उतरतात. विरळ हवेत उंच राहण्यापेक्षा पुन्हा चढणं त्यांना स्वस्त पडतं. एवढा सगळा प्रवास करून पाहुणे उतरतात कुठे? म्हशींच्या शेजारी, वर्धा जिल्ह्यात.

मला एकदम कळलं. वाळवंट नाही, बर्फ नाही, असं आम्ही म्हणालो होतो. वाळवंटी मुलखाची पखुर्डी इथेच नांदते, मध्य आशियाचा भोवत्या येतो, बर्फाचा हंस येतो. आम्हीच आलो नव्हतो.

‘नीलकंठ बघा, नीलकंठ!’

तलावाहून निघालो तर रस्त्याकडेच्या तारेवर एक पक्षी बसलेला. मातकट, जाडं डोकं, जरासा चिडलेला. मी वहीत लिहायला पेन काढलं आणि तो उडाला. आणि त्या मातकट अंगातून निळ्याचे दोन पंखे उघडले. आधी गडद निळा, मग आकाशी, मग पुन्हा गडद.

नीलपंख. आमच्या आजीच्या भाषेत, नीलकंठ.

पेन माझ्या हातातच राहिलं. कारण हा पक्षी मी ओळखत होते. फार जवळून ओळखत होते.

आर्वीला दसऱ्याच्या सकाळी एक माणूस यायचा. काठीला अडकवलेला पिंजरा, त्यावर फडकं. दारात येऊन ओरडायचा, ‘नीलकंठ बघा, नीलकंठ!’ दसऱ्याला नीलकंठाचं दर्शन शुभ. आजी पाट मांडायची, हळदकुंकू आणायची आणि पैसे माझ्या हातात द्यायची. मी सहा-सात वर्षांची. मी दोन रुपये द्यायचे, तो फडकं बाजूला करायचा. आत हा पक्षी बसलेला असायचा. पंख मिटून, डोळे अर्धे मिटून. मला वाटायचं, पक्षी देवाचा आहे म्हणून इतका शांत आहे.

मी हे भाऊला सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. तो गाडीच्या बॉनेटला टेकून उभा होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘माहा बाप आणे.’

‘काय?’

‘दसऱ्याले. पिंजरा बापाच्या काठीले, अन मी मागं थैली घेऊन. पैशे थैलीत.’

‘आर्वीला पण?’

‘आर्वी, पुलगाव, जिकडं वस्ती तिकडं.’

आमच्या दारात येणारा माणूस तोच होता का, ते आता कळणं शक्य नाही. मी विचारलंही नाही. त्याने आपणहून पुढचं सांगितलं. काडीला वडाचा चीक लावायचा, खाली किडा बांधून ठेवायचा. नीलपंख तारेवरून किडा बघतो, झेप घेतो, अडकतो. मग पंख कापायचे, म्हणजे पिंजऱ्यात फडफड नको. पाय बांधायचे. शांत दिसायचा, कारण तीन-चार दिवस त्याच्या पोटात काही नसायचं.

‘नंतर सोडत होते?’

‘सोडत. पन पंख कापलेलं पाखरू कुठं जाते ताई? दोन दिवसांत कुत्रं, नाई तं मांजर.’

मी म्हणाले, ‘दोन रुपये मीच द्यायचे.’ माझा आवाज जरा वेगळाच निघाला असावा, कारण तो हसला. वाईट नाही, साधंच. ‘तुमी पैशे देल्ले म्हून आमच्या घरी दसऱ्याले पुऱ्या झाल्या. त्या दोन दिवसांत बाप महिन्याचं कमावे. आता नोका देऊ, येवढंच.’

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार हा पक्षी पकडणं गुन्हा आहे, हे आजीला माहीत नव्हतं. त्याच्या बापाला एकदा वनखात्याने पकडलं तेव्हा माहीत झालं. पुढे बोरचा व्याघ्र प्रकल्प झाला, गाइड हवे होते, आणि ह्याला जंगलातलं प्रत्येक पाखरू ठाऊक होतं. ‘पकडाले याचं असन तं आधी पाहाले आलं पाहिजे ना,’ तो म्हणाला. ‘मले पाहाले येत होतं. पकडनं सोडून देल्लं, पाहानं राह्यलं.’

आता धोका पिंजऱ्याचा कमी आणि दुसराच जास्त आहे. नीलपंख नाकतोडे, भुंगे, अळ्या खातो, म्हणजे शेतकऱ्याचा फुकटचा गडी. पण कपाशी-सोयाबीनच्या पट्ट्यात फवारण्या इतक्या की किडेच उरत नाहीत, आणि उरतात ते विष प्यालेले. आणि हे विष पाखरांपुरतं थांबत नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यात घरट्यासाठी ढोली असलेली जुनी झाडं रस्तारुंदीत जातात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालात, नीलपंखाची संख्या इतकी घटलीय की त्याच्या ‘धोका नाही’ या शिक्क्याचा फेरविचार करा, असं म्हटलंय. रोज तारेवर दिसतो म्हणून आपण त्याला कॉमन म्हणतो. चिमण्यांनाही म्हणायचो.

पण एक छान गोष्ट सांगते. २०१८ मध्ये वर्ध्यात चक्क निवडणूक झाली, शहरपक्ष्याची! बहार नेचर फाउंडेशनच्या पुढाकाराने नागरिकांनी मतं दिली आणि निवडून आला नीलपंख. भाऊची मुलगी तेव्हा वर्ध्याला शाळेत होती. ‘तिनं बी मत देल्लं,’ तो म्हणाला. ‘नीलपंखालेच. आज्यानं पिंजऱ्यात घातला, नातीनं निवडून आनला.’

गरमसूर

शेवटचा टप्पा डोंगराचा. वर्ध्यात डोंगर? हो, आहेत. सातपुड्याचे शेवटचे पाय जिल्ह्याच्या उत्तरेला, कारंजा, आष्टी, आर्वीकडे पसरलेत. त्यातला गरमसूर साधारण दोन हजार फुटांचा. सह्याद्रीवाल्यांनी हसू नये. खालच्या सपाट मुलखातून आलं की हा डोंगर पुरेसा डोंगर वाटतो. वाटेत संत्र्यांच्या बागा, वर सागाचं जंगल, आणि वारा.

चढताना मी वही गाडीतच ठेवली. विसरले नाही, ठेवली.

वर एका दगडावर बसलो. भाऊने घरून आणलेल्या भाकरी, झुणका, कांदा आणि तिखटजाळ ठेचा. मोबाइलला रेंज नव्हती. आमच्यातली जी मुलगी दर दहा मिनिटांनी मेल चेक करते, ती दगडावर आडवी होऊन झोपली होती. तेव्हा खालच्या दरीवर एक नीलपंख सरळ वर चढला. वर, अजून वर. मग अंग टाकून दिल्यासारखा खाली आला, डावीकडे कलंडत, उजवीकडे कलंडत, कर्कश ओरडत, ऊन पंखांवर घेत. मादीला दाखवायला. इंग्रजीत त्याचं नाव ‘रोलर’ का आहे, ते तेव्हा कळलं. तो पुन्हा वर गेला, पुन्हा कोलांट्या घेत आला. किती वेळा, ते मी मोजलं नाही.

पिंजऱ्यात जे निळं मी कधी पाहिलंच नव्हतं, ते हे होतं. मिटल्या पंखांत ते दिसतच नाही.

जायचं असेल तर

मुंबईहून रात्रीच्या गाडीने वर्धा, पुढे हिंगणी-बोरधरणपर्यंत गाडी करावी लागते. नागपूरहून आलात तर अजून सोपं. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातूनच जातो. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पाहुण्या पक्ष्यांसाठी डिसेंबर-जानेवारी, पळसासाठी मार्च. पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असतं आणि एरवीही आठवड्याची सुट्टी असते, त्यामुळे बुकिंग करतानाच विचारा. ५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह, मारुती चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सालिम अलींच्या वाढदिवसापर्यंत. चितमपल्ली २०२५ मध्ये गेले. पाखरांची गावागावातली मराठी नावं त्यांनी ‘पक्षिकोशा’त जमवून ठेवलीयत, निदान ती तरी आपण वापरू या. भडक कपडे नकोत, परफ्यूम नको, मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज तर अजिबात नकोत. दुर्बीण नसली तरी चालेल. गाइड स्थानिक घ्या आणि त्याचे पैसे कापू नका. आणि माळावर चालताना खाली बघा!

कितीला?

परतीची गाडी संध्याकाळी होती. दुपारी बाकीचे सेवाग्रामला गेले आणि मी आर्वीला उतरले. आजी आता चौऱ्याऐंशीची. कमी ऐकू येतं, कमी दिसतं, पण चौकशा पूर्ण. कुठे गेली होतीस, काय खाल्लंस, लग्नाचं काय. मी सांगितलं, पाखरं पाहायला गेले होते.

‘मुंबईहून? पाखरं?’ तिला माझी काळजी वाटली असावी.

‘नीलकंठ पाहिला, आजी.’

तिचे डोळे लुकलुकले. ‘आता कुठं येते गं तो दारावर. लय वर्सं झाली.’ मग जरा थांबून तिने विचारलं, ‘कितीले दाखवला?’

‘फुकट,’ मी म्हणाले. ‘तारेवर बसला होता. मग उडाला.’

आजीने दोन्ही हात जोडले आणि कपाळाला लावले.

‘मंग तं लयच शुभ झालं.’